निरोप जसाच्या तसा

आई, बाबांनी तुला कळवायला सांगितलंय की त्यांना तुझी फार आठवण येते. निरोप आधी देऊन टाकला, म्हणजे आता मी निवांत लिहायला मोकळी. तुझ्याच हाताखाली वाढलेय ना, पाहुणा आला की आधी पाणी आणि मग चौकशा. चौकशा पुष्कळ आहेत. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी काका वाडी सोडून ताईकडे गोखिवऱ्याला राहायला गेले, आणि निघता निघता असं काही घडलं की गिरीज गावात अजून कुणाचा विश्वास बसत नाहीये. आपल्याकडे मासे घेऊन येते ती अर्नाळ्याची मावशी पाटी उतरवायच्या आधीच विचारते, "खरंच बोलले? दोघं पन? तोंडानं?" तोंडानंच बोलले, आई. मी तिथेच बसले होते. पण क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील, एवढं विद्यापीठ करून आली आणि गोष्ट अजून शेपटाकडूनच सांगते.

आणि एक, हे मी शाळेतल्या मराठीत लिहितेय म्हणून नाक मुरडू नकोस. तूच म्हणायचीस, आपलं वाडीतलं बोलणं तोंडात शोभतं, कागदावर कसं उघडंवाघडं दिसतं. मी परक्या भाषांचे पेपर दिले, पण घरची बोली लिहायला घेतली की आजही हात अडखळतो. गंमत बघ, एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून देणं हा माझा धंदा, आणि माझं सगळ्यात जुनं बोलणं माझ्याशी बोलायला आता बाबा, काका आणि ताई एवढेच उरलेत. त्यातले दोघे तर एकमेकांशी बोलतच नव्हते!

कारण काय, तर केळी. तिकडे पोर्तुगालला वर्गात सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. पण राजेळीचा घड म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो हसत नाही. माझा जन्म झाला तेव्हा तू माहेरी होतीस. बारशाला येताना सुकेळी आणायची म्हणून बाबांनी विहिरीकडच्या राजेळीचा एक घड राखून ठेवला होता. तो पिकवायचा, सोलायचा, उन्हात वाळवायचा, मग केळीच्या सुक्या पानात एकेक बांधायचं. सगळा बेत ठरलेला. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या वाडीतल्या त्यांच्या ख्रिस्ती दोस्ताकडे लेकीचं लग्न निघालं, आणि काकांनी नेमका तोच घड कापून हौसेने त्याच्या मांडवात नेऊन दिला. बाबा पहिल्या लेकीच्या बारशाला सासुरवाडीत हात हलवत आले. तुझ्या माहेरचे काही बोलले नाहीत, फक्त तुझी आजी म्हणाली म्हणे, "गिरीजला यंदा केळी झाली नाहीत वाटतं." झालं! बाबा परत गेले ते थेट काकांसमोर. "घड कुणाला विचारून कापलात?" "माझ्या बापाच्या वाडीत मी कुणाला विचारू?" एवढं बोलून दोघांनी तोंडं मिटली ती मिटलीच. मी पाळण्यातून बाहेर आले, शाळेत गेले, कॉलेजात गेले, अबोला आपला माझ्याबरोबर वाढतोय.

मला ते स्वयंपाकघर अजून स्वच्छ दिसतं. तू भाकऱ्या थापतेयस. बाबा खिडकीखाली बसलेत, काका दाराशी, मध्ये फार तर एका ताटाची जागा, आणि दोघांची तोंडं तुझ्याकडे. काकी गेल्यापासून काकांचं जेवणही आपल्याकडेच. ताई आणि मी कोपऱ्यात हसू दाबतोय. ताई काकांची, मी बाबांची, पण तो अबोला तू आम्हा पोरींना कधी चिकटू दिला नाहीस.

"त्याला सांग," काका म्हणतात, "मोटर बंद करायची अक्कल नसेल तर चालू करू नये. पाणी वाया घालवायला बापाची विहीर आहे काय!"

तू तव्यावरची भाकरी उलटतेस. "अहो, भावोजी म्हणतात, मोटर जरा बघत जा."

"त्यांना सांग, विहीर बापाचीच आहे. माझ्याही आणि त्यांच्याही."

"भावोजी, हे हो म्हणतात."

आणि दोघांचं समाधान! मला लहानपणी याचं केवढं नवल वाटायचं. बाबांनी काकांचं मूळ बोलणं कानांनी ऐकलेलं असायचं, काकांनी बाबांचं. हातभर अंतरावर तर बसलेले. पण ते ऐकलं असं दोघेही धरायचेच नाहीत. तू सांगशील तेच खरं, आणि उत्तर द्यायचं तेही त्याला. समोरासमोर असताना ही तऱ्हा, तर एक वाडीत आणि एक ओट्यावर असला की तुला रानच मोकळं. ओट्यावरून निघालेला निरोप विहिरीपर्यंत पोचेतो त्यातले काटे तू वाटेतच काढून टाकलेले असायचे. "भावोजी रागावलेत" हे वाक्य मी तुझ्या तोंडून कधीच ऐकलं नाही. काका कितीही कडाडले असले तरी तू बाबांना येऊन सांगायचीस, "भावोजी म्हणतात, जेवून घ्या."

माझं विद्यापीठाचं प्रकरण तू कसं मार्गी लावलंस ते आठवतं? मुंबईत बी.ए. करताना हौस म्हणून मी पोर्तुगीज घेतलं होतं, त्यात बरी निघाले, आणि शिकवणाऱ्या बाईंनी थेट पोर्तुगालच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायला लावला. विषय होता भाषा आणि आंतरसांस्कृतिक मध्यस्थी. नाव ऐकून तू म्हणालीस, "हे एका दमात म्हणता येणाऱ्यालाच घेतात का?" निवड झाली खरी, पण घरातून दोन होकार हवे होते, बाबांचा आणि काकांचा, आणि दोघांच्याही कपाळावर आठ्या. काका तर ओट्यावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वसईचा किल्ला आपण त्यांच्याकडून घेतला, आणि आता पोरगी आपण होऊन त्यांच्याकडे पाठवायची?" मी रडकुंडीला आले होते. तू म्हणालीस, "तू गप बस. मोगऱ्याच्या कळ्या काढून आण." मी कळ्या काढायला गेले म्हणून तर मला कळलं. तू वाडीत बाबांजवळ गेलीस आणि हळूच म्हणालीस, "भावोजींच्या मनात नाही हो तिला पाठवायचं." बाबा ताठ झाले. "मुलगी माझी आहे. ती जाणार." मग पदर सावरत ओट्यावर आलीस. "भावोजी, ह्यांच्या काही मनात नाही हो." काकांनी पानाची चंची बाजूला ठेवली. "त्याला काय कळतंय? माझी पुतणी जाणार म्हणजे जाणार." तू आत आलीस आणि माझ्याकडे बघितलंसही नाहीस, भाजी चिरायला बसलीस. फक्त ओठांचा कोपरा हलत होता.

निघताना तू सुकेळीचं पुडकं दिलंस. राजेळीचीच होती, या खेपेला सगळ्या घराला आधी सांगून वाळवलेली. "परक्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये," म्हणालीस, आणि मग तुझ्या लक्षात आलं की आपण काय बोललो ते, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटलीस. विमानतळावर तिथल्या अधिकाऱ्याला ती तपकिरी पानात गुंडाळलेली बोटं बघून विड्याच वाटल्या. एक सोडली, हुंगली, मी म्हटलं खाऊन बघा. त्याने खाल्ली नाही, पण मला जाऊ दिलं. खोलीत माझ्याबरोबर ब्राझीलची एक मुलगी होती, तिने पुडकं उघडताच किंकाळीच फोडली. तिची आजीही केळी अशीच वाळवते! आम्ही दोघी पलंगावर मांडी घालून बसलो आणि एकमेकींचं धड कळत नसताना निम्मं पुडकं संपवलं. माझी पोर्तुगीज खरी सुरू झाली ती तिथे.

वर्ग मात्र वेगळाच होता. आमच्या बाई पिकल्या केसांच्या, बारीक, आवाज अगदी हळू. पण त्या आवाजालाच आम्ही चळाचळा कापायचो. पहिल्याच प्रात्यक्षिकात वर्गाचं हॉस्पिटल केलं होतं. एक मुलगा डॉक्टर, ही ब्राझीलची पेशंट, इंग्रजी त्याची, पोर्तुगीज तिची, आणि मध्ये दुभाषी मी. डॉक्टर म्हणाला, तपासणी पुन्हा करावी लागेल. मी तिला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, सगळं ठीक आहे, फक्त तपासणी पुन्हा करू या."

बाईंनी हात वर केला. "घाबरू नका, हे कोण म्हणालं?"

"डॉक्टर."

"नाही. डॉक्टर तसं म्हणाला नाही. कोण म्हणालं?"

मी विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "माझी आई."

वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "तुझ्या आईला वर्गाबाहेर बसव," त्या म्हणाल्या, "आणि तुझी खुर्ची मागे घे." मग त्यांनी दोन नियम सांगितले, ते मी आज माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. पहिला असा, की 'तो म्हणतो, ती म्हणते' असं करायचं नाही. ज्याचं बोलणं सांगतो आहोत त्याचं होऊन 'मी' म्हणायचं, घालायचं काही नाही, गाळायचं काही नाही. आणि दुसरा, खुर्ची दोघांच्या मध्ये टाकायची नाही, जरा मागे टाकायची, म्हणजे बोलणाऱ्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावंच लागतं. वर्ग सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. "तू चांगल्या मनाने घालतेस हे मला दिसतं," त्या म्हणाल्या. "पण लोकांना एकदा कळलं की तू घालतेस, तर पुढे तू खरं सांगितलंस तरी त्यांना ते तुझंच वाटेल." मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात एकदा या.

त्या रविवारी फोनवर तू विचारलंस, शिकवतात तरी काय. मी सांगितलं, दोन माणसांचं एकमेकांशी जमत नसलं, भाषा वेगळी, रीत वेगळी, तर मध्ये बसून त्यांचं बोलणं पोचवायचं.

"म्हणजे मी करते तेच. त्याला डिग्री देतात?"

"तेच गं, पण आपल्या मनचं घालायचं नाही. जे बोलले ते जसंच्या तसं सांगायचं."

"मग भांडणं होत नाहीत?"

"होतात."

"मग?"

"होऊ द्यायची."

"बाई गं! आणि एवढ्यासाठी विमानाने जावं लागतं?"

आज तुला सांगते, मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून हसले, आणि हसता हसता घराच्या आठवणीने रडलेही. पण शिंगं फुटली होतीच. सुट्टीत घरी आले आणि पहिल्याच जेवणाला शहाणपणा पाजळला. काका म्हणाले, "त्याला सांग, पानवेलीला पाणी कमी पडतंय, डोळे फुटले काय?" तू म्हणालीस, "अहो, भावोजी म्हणतात, पानवेल बघा जरा." आणि मी, तिथे शिकलेली मी, मोठ्याने म्हटलं, "आई, ते असं नाही म्हणाले. ते म्हणाले, डोळे फुटले काय." घरात अशी शांतता झाली की मांजर उठून बाहेर गेलं. बाबांनी ताट सरकवलं, काकांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि ओट्यावर गेले. तू मला ओरडली नाहीस. माझ्या हातात भाताचं भांडं दिलंस आणि म्हणालीस, "शिकून आलीस ना, तर वाढ. बोलणं माझ्याकडे राहू दे." इतकं लागलं मला ते! दोन दिवस मी तुझ्याशी तुटक वागले. तू मात्र मला मुद्दाम आवडती उकड करून घातलीस आणि तिसऱ्या दिवशी विचारलंस, "आता तुझ्या-माझ्यात कोणाला घालू?"

माझी पदवी तू बघितलीस, हात फिरवून बघितलीस, आणि मग फार दिवस राहिली नाहीस. ते दिवस मला लिहायचे नाहीत. एवढंच सांगते, तू गेलीस आणि घरातलं बोलणंच बंद पडलं. स्वयंपाकाला एक बाई यायला लागल्या, त्या बिचाऱ्या विरारहून धावतपळत येणार आणि जाणार, त्यांना कुठलं निरोप पोचवायचं काम सांगायचं? मी एकदा पुढे झाले. तर दोघांनी वेगवेगळं गाठून मला एकच सांगितलं, "तू नको. तू जसंच्या तसं सांगतेस." मग त्यांनी मांजर धरलं. शप्पथ सांगते! बाबा मांजराला म्हणायचे, "मोटर चालू राहिलीय म्हणावं." काका मांजराला म्हणायचे, "ऐकू येतंय म्हणावं, बहिरा नाही मी." दोघांनाही बोलायचं असलं की मांजराला जवळ घ्यावं लागे, आणि जवळ घ्यायचं तर खायला घालावं लागे. ते मांजर असं गलेलठ्ठ झालंय की त्याला आता ओट्याची पायरी चढवत नाही. मी वसईत स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये, विद्यापीठात हाच विषय शिकवणारी, देशोदेशीच्या माणसांची बोलणी जुळवणारी. आणि दर रविवारी गिरीजला जाऊन बघायचं काय, तर मांजर दुभाष्याचं काम करतंय.

यंदा काकांचे गुडघे फार बिघडले. ताईच्या इमारतीला लिफ्ट आहे, खालीच डॉक्टर आहे. ताई त्यांना म्हणाली, बाबा, आता चला. काका हो म्हणाले आणि आपल्या बाबांनी त्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आणलं. विचारलं तर म्हणायचे, उन्हाळा आहे. मला धास्तीच बसली गं. एका छपराखाली होते तोवर अबोलाही एक प्रकारचं बोलणंच होतं. एक गोखिवऱ्याला आणि एक गिरीजला गेला की संपलं. या वयात कोण कुणाकडे आपण होऊन जाणार, आणि जाऊन बोलणार काय? मग एक दिवस एकजण गेल्याचा फोन येणार आणि दुसरा नुसताच उभा राहणार. मला ते नको होतं. ताईलाही नको होतं. पण दोघींनाही कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

रविवारी ताई टेम्पो घेऊन आली. सामान म्हणशील तर एक पेटी, एक पलंग, देव आणि काकीचा फोटो. बाबा ओट्याच्या या टोकाला वर्तमानपत्र धरून, काका त्या टोकाला काठी धरून. सगळं चढवून झालं, ताई म्हणाली, चला. काका उठले नाहीत. मांजराला शोधायला लागले, तर ते नेमकं टेम्पोखाली सावलीला झोपलेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्याला सांग," काका म्हणाले.

आई, तुझ्यानंतर त्या घरात हे दोन शब्द मी ऐकलेच नव्हते. पण शिकलेलं कामाला आलं. मी म्हटलं, "सांगते. आधी खुर्च्या नीट करू द्या." काकांची खुर्ची वळवली, बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं, त्यांचीही वळवली. दोघे समोरासमोर, आणि मी माझं स्टूल घेऊन जरा मागे, भिंतीशी. तू नेहमी त्यांच्या मध्ये असायचीस ना, चुलीपाशी. त्यामुळे त्यांना एकमेकांकडे बघायची वेळच आली नव्हती. आता बघायला दुसरं काही नव्हतंच. काकांनी बाबांचे पांढरे केस बघितले. बाबांनी काकांचे सुजलेले गुडघे.

"त्याला सांग, राजेळीचा एक मुनवा नेऊ का?" केळीच्या बुंध्याशी फुटलेला तो एवढासा कोंब, तो ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, ड्रममध्ये लावायचा बेत होता त्यांचा.

मी म्हटलं, "राजेळीचा एक मुनवा नेऊ का?"

बाबा म्हणाले, "त्यांना सांग, या वेळी विचारताय. नवल आहे."

तू असतीस तर म्हणाली असतीस, भावोजी, हे म्हणतात दोन न्या. तुझे शब्द माझ्या जिभेवर आले होते, देवाशपथ. ताई दारातून डोळे मोठे करून मला खुणावत होती. मी तुला वर्गाबाहेर बसवलं आणि म्हटलं, "या वेळी विचारताय. नवल आहे."

काकांचा चेहरा लाल झाला. काठी आपटतील असं वाटलं. मग हळूहळू काठी खाली आली. त्यांनी विहिरीकडच्या केळींकडे बघितलं.

"त्याला सांग, तेव्हाही विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

मी तेही तसंच सांगितलं. "तेव्हाही विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

बाबांनी काकांकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे. आणि संशयाने विचारलं, "हे त्यांचं, की तुझं?"

"त्यांचं आहे, बाबा. मला घालायला शिकवलेलं नाही."

"खरं सांग."

तेव्हा काका कडाडले. माझ्याकडे नाही, मांजराकडे नाही, सरळ बाबांच्या तोंडावर. "माझंच आहे रे गाढवा! माझंच!"

टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून बघितलं, काय झालं म्हणून. आणि बाबा, आई, बाबांचे डोळे भरले आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. "मग दादा, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो की! त्याच महिन्यात बोललो. तुझ्या बायकोला विहिरीवर गाठून सांगितलं, त्याला सांग माझं चुकलं म्हणून. तिने सांगितलं नाही?"

"सांगितलं."

"मग?"

"मला वाटलं, ती आपल्या मनचं घालतेय!" बाबा जवळजवळ ओरडले. "दादा, तुम्ही शिव्या घातल्यात तरी ती येऊन सांगायची, भावोजी म्हणतात जेवून घ्या. तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? आणि तुम्ही, चुकलं म्हणालात, हे कुणाला खरं वाटेल?"

आधी काका हसले. मग बाबा. मग दोघे असे हसत सुटले की दोघांनाही खोकला लागला आणि ताईला पाणी आणायला धावावं लागलं. मी भिंतीला टेकून बसले होते. हसत होते, आणि रडतही होते. पाहिलंस का, आई? आयुष्यभर तू इतके निरोप पोचवलेस, सगळे आपल्या हाताने गोड करून, आणि त्यातला जो एक मुळातच गोड होता तोच नेमका पोचला नाही. पिकल्या केसांच्या त्या बाई मला वर्गाबाहेर थांबवून हेच सांगत होत्या. पण म्हणून मी तुला दोष देऊ? तू काटे काढले नसतेस तर त्या घरात चुली दोन झाल्या असत्या, ताईने आणि मी एकमेकींना तोंड दाखवलं नसतं, आणि रविवारी त्या ओट्यावर समोरासमोर बसवायला दोन भाऊ शिल्लकच राहिले नसते. वर्गात मी हे कसं शिकवू, मला अजून नीट कळलेलं नाही. परवा एका मुलीने विचारलं, मॅडम, कधीच घालायचं नाही का? मी म्हटलं, परीक्षेत तरी नाही.

काका गेले गोखिवऱ्याला. दोन मुनवे घेऊन गेले. दुसरा बाबांनी स्वतः उपटून, बुंध्याला ओली माती लावून दिला. आता रोज सकाळी फोन. "दादा, मोटर बंद केली का विचारायला फोन केलात? तिकडे बसून तुम्हाला काय दिसतंय?" आणि गेल्या गुरुवारी तर बाबा रिक्षा करून स्वतः गेले, केळीला ऊन लागतंय का ते बघायला म्हणे. ताई सांगत होती, दोघे गॅलरीत ड्रमपाशी बसून संध्याकाळपर्यंत भांडले. तिने चहा दोनदा केला. बाबा परत आले ते पोटभर जेवले.

काकांचाही तुला निरोप आहे. टेम्पोत बसताना म्हणाले, "तिला सांग, सुटलीस. आता जरा बस." जसाच्या तसा देतेय. हे पत्र कुठे टाकायचं ते काही मला माहीत नाही. मुलांचे पेपर तपासायचेत, त्यांच्याच गठ्ठ्यात राहील बहुतेक, आणि एखाद्या दिवशी एखाद्या पेपरऐवजी मी यालाच गुण देऊन बसेन.

तर आता उरलेलं सांगून टाकते. काकांचं ऐकल्यावर मी बाबांनाही विचारलं होतं, आईला काही सांगायचंय का. ते विहिरीकडे बघत बसले होते. म्हणाले, "तिला म्हणावं, मोटर बंद केलीय." एवढंच म्हणाले, आई. सुरुवातीचं ते आठवण येते वगैरे मी घातलंय.